आंब्याच्या पेटीची जुनी पाटी : पंधरा ऑगस्टसाठी घरच्या घरी

जून उजाडला की आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा ढीग साचतो. हल्ली पुठ्ठ्याची खोकी जास्त येतात, पण लाकडी पेट्या अजून अगदीच नामशेष झालेल्या नाहीत. सफाईवाले त्या नेईपर्यंत आठवडा जातो. त्या आठवड्यात दोन पेट्या उचलून आणल्या, की पंधरा ऑगस्टला भिंतीवर लावायच्या जुन्या धाटणीच्या पाटीचं लाकूड फुकटात येतं. ज्यांच्याकडे पेट्या येत नाहीत त्यांनी फळवाल्याला विचारावं. आमच्या नाक्यावरच्या फळवाल्याने एकदा पन्नास रुपयांत तीन पेट्या दिल्या, वर दोन सडके आंबेही.

सगळं मिळून मला पाटी साधारण तीनशे रुपयांत पडते. बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणून विकायला असतात त्या एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, छापलेल्या असतात. लांबून बऱ्या दिसतात, हात लावला की गुळगुळीत. आपली पाटी हाताला खडबडीत लागते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी ठरवा : जुनं काय करायचं

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगते. इंटरनेटवर देशभक्तीच्या जुन्या धाटणीच्या सजावटीचे बरेच व्हिडिओ अमेरिकन असतात. फळ्या जोडायच्या, त्यावर त्यांचा झेंडा रंगवायचा, मग तो घासून, खरवडून, डाग पाडून शंभर वर्षांचा करायचा. ते पाहून आपल्याकडचे लोक तिरंग्यावर पॉलिश पेपर चालवायला निघतात. तसं करू नका.

आपली ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. तिच्यात स्पष्ट लिहिलंय, की फाटका किंवा चुरगळलेला ध्वज लावायचा नाही, ध्वजावर कुठलीही अक्षरं लिहायची नाहीत आणि पडद्यासारखा, झालरीसारखा त्याचा वापर करायचा नाही. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यात ध्वजाच्या व्याख्येत त्याचं चित्र, रेखाटन, छायाचित्रही येतं, आणि अवमानाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणजे ‘हा काही खरा झेंडा नाही, नुसतं चित्र आहे’ ही पळवाटही नाही. पोलीस दारात येतील म्हणून घाबरवत नाहीये; पण चहाच्या पाण्यात बुडवलेला तिरंगा पाहून घरातल्या एखाद्या आजोबांना काय वाटेल, तेवढा विचार पुरेसा आहे. चार सिंहांची राजमुद्राही टाळा. खाजगी वापरासाठी ती २००५ च्या कायद्याने बंद आहे.

तिरंगा लावायचाच असेल तर तो नवा, स्वच्छ आणि पाटीपासून वेगळा लावा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. आडवा लावला तर केशरी पट्टा वर, उभा लावला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. संपला विषय.

मग जुनं काय करायचं? जे मुळात जुनं आहे ते. मी पाटीवर शब्द घेते. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टला मादाम कामांनी जो ध्वज फडकवला, त्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ होतं. तो ध्वज आज पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. मी त्या ध्वजाची नक्कल करत नाही, फक्त ते दोन शब्द उचलते. दुसरा पर्याय ‘चले जाव’. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर जो ठराव झाला त्याची ही घोषणा, आणि पाटीवर बसायला एकदम सुटसुटीत. नागपूरकरांना १९२३ चा झेंडा सत्याग्रह आठवेल. तुमच्या गावाची अशी स्वतःची तारीख असेल तर ती घ्या. नुसतं ‘१९२३’ एवढंच लिहिलेली पाटीही फार देखणी दिसते, आणि येणारा-जाणारा विचारतो, हे काय?

चार दिवस आधी : गंजाचं पाणी

लाकूड कापायच्या आधी हे करून ठेवा, कारण याला वेळ लागतो. काचेच्या जुन्या बरणीत एक कप पांढरं व्हिनेगर घ्या, त्यात मूठभर लोखंडी खिळे टाका. पेटीचेच काढलेले गंजके खिळे चालतात. परदेशी व्हिडिओत ‘स्टील वुल’ म्हणतात, म्हणून मी पहिल्या वेळी स्वयंपाकघरातली तारेची घासणी टाकली. आठवडाभर वाट पाहिली, पाणी होतं तसंच. आपली घासणी गंज न चढणाऱ्या स्टीलची असते, ती व्हिनेगरला दाद देत नाही. लोखंडच हवं.

बरणीचं झाकण घट्ट लावू नका. आत वायू तयार होतो, त्याला बाहेर पडायला जागा लागते. फडकं बांधून ठेवलं तरी चालतं. आणि बरणीवर ठळक अक्षरात लिहा : पिऊ नये. आमच्याकडे सासूबाईंनी ती कैरीच्या लोणच्याचा खार समजून उचलली होती. नशीब, वास घेतला.

तीन-चार दिवसांनी पाणी मळकट तांबूस होतं. गाळून घ्या.

लाकूड

पेटी मोडताना हातोडीने ठोकू नका, फळी चिरते. फळी आणि आडव्या पट्टीच्या मध्ये जुना पेचकस घालून हळूहळू उचकटा, खिळा वर आला की पकडीने ओढा. खिळ्यांची भोकं तशीच राहू द्या. त्यांच्याभोवतीचा काळा डाग ही आयती मिळालेली शंभर वर्षं आहेत.

पेटीच्या फळ्या साधारण दीड फूट लांब आणि तीन-चार इंच रुंद मिळतात. चार घ्या. दोन दिवस उन्हात ठेवा, निदान पावसाने उघडीप दिली तेव्हा गॅलरीत उभ्या ठेवा. ओलसर लाकडावर पुढचं काहीच धड बसत नाही. फळीवर पिठासारखी भुकटी आणि बारीक भोकं दिसली तर ती सरळ टाकून द्या. तो भुंगा आहे, पाटीतून तुमच्या कपाटात जाईल.

मग पॉलिश पेपर. आधी ८० नंबर, नंतर १२०. त्याहून गुळगुळीत नको. हातमोजे घाला, पेटीच्या लाकडाच्या शिलका फार वाईट घुसतात. चार फळ्या एकाखाली एक उलट्या मांडा, मागून दोन उभ्या पट्ट्या ठेवून चुका (बारीक खिळे) ठोका. दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवा. पावसात लाकूड फुगतं, फट नसेल तर पाटी पोटाशी उचलली जाते.

रंगाआधीचा रंग

दोन कप पाण्यात चार चमचे चहा पावडर टाकून चांगली कडक उकळा. दूध नाही, साखर तर अजिबात नाही. साखर घातलीत तर पाटी मुंग्यांची. गार झाल्यावर ब्रशने सगळ्या फळ्यांवर लावा, वाळू द्या. वाळल्यावर त्यावर गंजाचं पाणी फिरवा.

हे मुलांना नक्की दाखवा. ब्रश फिरला की आधी काही होत नाही, आणि दोन-चार मिनिटांत पिवळट लाकूड डोळ्यांदेखत करडं, मग काळपट होत जातं. चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आल्यावर हा काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरून रंगारी हेच करत आले, जुनी काळी शाईही याच जोडीतून व्हायची. फार काळं वाटलं तर गंजाच्या पाण्यात तेवढंच साधं पाणी घाला. एक नको असलेला तुकडा आधी रंगवून बघा, लाकडागणिक रंग बदलतो.

गेरूचा हात

पाटीला रंग कुठला, यावर मी बरेच पैसे घालवले. ॲक्रेलिकच्या बाटलीतला लाल प्लास्टिकसारखा दिसतो, तेलरंगाला चकाकी येते. शेवटी उत्तर किराणा दुकानात वीस रुपयांना मिळालं : गेरू. कुंड्यांना लावतो तोच.

दोन चमचे गेरू चाळून घ्या, एक चमचा पांढरा लाकडी कामाचा डिंक, आणि पातळ ताकाइतपत होईल एवढं पाणी. रंग लावण्याआधी मेणबत्ती घ्या आणि जिथे रंग ‘उडालेला’ दिसायला हवा तिथे घासा. कुठे? इथेच हौशी पाटी आणि चांगली पाटी यातला फरक कळतो. लोक सगळीकडे सारखं घासतात, मग ती पाटी जुनी वाटत नाही, नुसती मार खाल्लेली वाटते. खरी जुनी वस्तू तिथेच झिजते जिथे हात लागतो, पाणी पडतं, धक्का बसतो. म्हणजे चार कोपरे, खालची कड, फळ्यांच्या फटींच्या दोन्ही बाजू आणि खिळ्यांच्या आसपास. मधोमध जवळजवळ काहीच नाही. विश्वास बसत नसेल तर घरातला पाट उलटा करून बघा, किंवा आजीच्या पेटाऱ्याचं झाकण.

मेण लावल्यावर गेरूचा एक हात द्या. वाळल्यावर बोट घासा. बोट लाल झालं तर डिंक कमी पडलाय, पुढच्या हातात थोडा वाढवा. दोन हात पुरे.

अक्षरं

आता सगळ्यात नाजूक काम. मी आधी छापील अक्षरं उलटी चिकटवून, मागचा कागद ओला करून चोळून काढायची युक्ती केली होती. साधा पांढरा डिंक पाणी लागल्यावर परत मऊ झाला, निम्मी अक्षरं कागदाबरोबर निघून आली. जी राहिली ती आरशातली होती, कारण छापताना चित्र उलटं करायचं मी विसरले होते. ‘म्’ पासून सुरू होणारी ती पाटी अजून माळ्यावर आहे. तेव्हापासून मी स्टेन्सिलच, म्हणजे अक्षरं कापून काढलेला साचाच, वापरते.

स्टेन्सिलला सगळ्यात उत्तम म्हणजे घरातली जुनी एक्स-रे फिल्म. ओली होत नाही, फाटत नाही, कटर छान चालतो. अक्षरं कॉम्प्युटरवर मोठी करून कागदावर छापा, कागद फिल्मवर चिकटपट्टीने बसवा आणि दोन्ही एकदम कापा.

फॉन्ट निवडताना दोन गोष्टी बघा. एक, जाड आणि हाताने रंगवल्यासारखा हवा. ‘यात्रा वन’ नावाचा फुकट मिळणारा फॉन्ट आहे, तो मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, पाटीला शोभतो. दोन, ‘चले जाव’ लिहिणार असाल तर ‘ल’ तपासा. मराठी वळणाचा दोन गोल पाकळ्यांचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळा असतो, आणि मुंबईतल्या सभेची पाटी मराठी ‘ल’ मध्येच बरी दिसते. ‘वन्दे’ मात्र जुन्या पद्धतीने जोडाक्षरात लिहा, अनुस्वार देऊन नाही. एवढ्या एका बदलाने पाटीचं वय वाढतं. आणि ‘म’ चा पाय मोडायला विसरू नका. ‘वंदे मातरम’ अशा पाट्या गावभर दिसतात, त्यात आपली भर नको.

कापताना देवनागरीची एक अडचण येते. ‘व’ चं पोट आणि ‘म’ मधली चौकट ही बंद जागा आहे. अक्षर कापलं की आतला तुकडा गळून पडतो. म्हणून तिथे दोन-तीन मिलिमीटरचा पूल राखायचा, म्हणजे अक्षराची रेघ एका जागी तोडायची. शिरोरेखाही सलग कापू नका, नाहीतर फिल्म मधून लोंबायला लागते. दर अक्षराला एक छोटा पूल ठेवा. हे पूल नंतर ब्रशने भरून काढायची इच्छा होईल. भरू नका. मालाच्या खोक्यांवर, गोणींवर ठसे मारलेली अक्षरं अशीच तुटक असायची.

दीड फुटात ‘वन्दे’ वर आणि ‘मातरम्’ खाली, अशा दोन ओळी बसतात. अक्षराची उंची तीन इंच धरा. आधी खडूने मध्य काढून घ्या. ‘मातरम्’ ‘वन्दे’ पेक्षा लांब आहे. दोन्ही डावीकडून सुरू केलेत तर पाटी कललेली वाटते.

रंग पांढराशुभ्र घेऊ नका. पांढऱ्या ॲक्रेलिकमध्ये यलो ऑकरचे (मातकट पिवळ्या रंगाचे) दोन थेंब आणि उरलेल्या चहाचा एक थेंब टाका, जुन्या हस्तिदंतासारखा रंग होतो. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून घ्या, रंगात टेकवा, मग वर्तमानपत्रावर दाबून जवळजवळ कोरडा करा आणि स्टेन्सिलवर टिपत जा. स्पंज ओला असला तर रंग फिल्मखाली शिरतो आणि अक्षरांना दाढी येते. टिपायचं, पुसायचं नाही. कुठे रंग कमी लागला तर लागू द्या.

एक रात्र वाळू द्या.

झीज आणि वरचा हात

सकाळी १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून मेण लावलेल्या जागी फिरवा. गेरू पापुद्र्यासारखा सुटतो आणि खालचा करडा रंग वर येतो. अक्षरांवरून फक्त एकदा, हलक्या हाताने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. आणि थांबा. थांबणं हेच अवघड आहे. मी दोन पाट्या ‘अजून थोडं’ म्हणत वाया घालवल्यात. पाच फूट लांब जाऊन बघा, चहा प्या, परत येऊन बघा.

शेवटी मॅट वार्निश. चमकणारं घेतलंत तर केलेलं सगळं पाण्यात. गेरूवर ओला ब्रश ओढला तर लाल रंग पसरून अक्षरं गुलाबी होतात, म्हणून पहिला हात स्प्रेचा द्या, खिडक्या उघड्या ठेवून. खोबरेल किंवा गोडेतेल चोळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. महिन्याभरात खवट वास सुटतो आणि धूळ बसते ती निघत नाही.

सोबत एखादं चित्र हवं असेल तर

पाटीशेजारी चौकटीत एखादा जुना फोटो छान दिसतो. भारतात २०१२ पर्यंत छायाचित्राचा स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षांपर्यंत असायचा आणि १९४० च्या दशकात छापून आलेल्या फोटोंची ती मुदत त्याआधीच संपली, त्यामुळे ते घरी छापायला अडचण नाही. झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट काढा. घरच्या इंकजेटची शाई पाण्यात पसरते. साधा जाड कागद घ्या, चकचकीत फोटोपेपर नको. मघाचाच चहा ताटात ओता, कागद पाच मिनिटं बुडवा, काढून टॉवेलवर ठेवा. ओला असतानाच दोन-चार दाणे चहा पावडर टाकलीत तर बारीक ठिपके पडतात. ऑगस्टच्या हवेत कागद आपोआप वाळत नाही, दोन सुती फडक्यांच्या मध्ये ठेवून इस्त्री करा.

पुठ्ठ्यावर चिकटवायला मैद्याची खळ करत असाल तर लक्षात ठेवा, पावसाळ्यात तिला आठ दिवसांत बुरशी येते. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात ती याचसाठी. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे लहान मुलं हाताशी असतील तर खळीचा नाद सोडा आणि विकतचा डिंक वापरा.

पहिलं टपाल तिकीट मोठं करून लावायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला आलं, साडेतीन आण्यांचं, ‘जय हिंद’ लिहिलेलं. सुंदर आहे, पण त्यावर तिरंगा आहे. म्हणून ते छापा, चौकटीत लावा, फक्त चहात बुडवू नका.

टांगणं

पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते. पाटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे अर्धे तुकडे चिकटवा, मागून वारा खेळता राहतो.

आणि जमलं तर पाटी सपाट लावू नका. जुन्या वाड्यांत तसबिरी छताजवळ, पुढे झुकलेल्या टांगलेल्या असत, खाली बसलेल्या माणसाला नीट दिसाव्यात म्हणून. सुतळी पाटीच्या वरच्या कडेपासून थोडी खाली बांधा आणि लांब ठेवा, खालची कड भिंतीतल्या दोन खिळ्यांवर टेकवा. पाटी आपोआप मान खाली घालते. हा भागही फुकटच आहे आणि जुनेपणा सगळ्यात जास्त यातूनच येतो. आजोळी अशा कललेल्या तसबिरींच्या मागे दर वर्षी चिमण्या घरटं करायच्या, आणि पिल्लं उडेपर्यंत आजी कुणाला तिथे झाडू लावू द्यायची नाही. माझ्या पाटीमागे आजवर फक्त एक पाल राहायला आली आहे.